चुकीच्या कप्प्यातल्या तबकड्या

नभोनाट्याचा जन्मच अंधारात झाला. १५ जानेवारी १९२४ च्या संध्याकाळी बीबीसीने लंडनहून 'डेंजर' नावाची एक छोटीशी नाटिका प्रसारित केली. लेखक रिचर्ड ह्यूज, वय वर्षं तेवीस. खास रेडिओसाठी लिहिलेलं हे पहिलं इंग्रजी नाटक मानलं जातं. वेल्समधली एक कोळशाची खाण. ती बघायला आलेली माणसं आत असताना दिवे जातात, मग स्फोट होतो, मग पाणी चढायला लागतं. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही काही दिसत नाही. ऐकणाऱ्यांनी घरातले दिवे मालवावेत अशी सूचनाही तेव्हा दिली होती म्हणे! रेडिओवर काही दिसत नाही ही अडचण आहे असं सगळे धरून चालले होते. या पोराने त्या अडचणीलाच नाटकाचं नेपथ्य करून टाकलं.

ते नाटक आज कोणालाही ऐकता येत नाही. संहिता आहे, ती पुन्हा पुन्हा सादरही झाली. पण त्या संध्याकाळचे ते आवाज हवेत गेले ते गेलेच. रेकॉर्डिंग झालंच नव्हतं, कारण तसं करायची सोयच नव्हती.

मला या हरवण्या-सापडण्याच्या गोष्टींचा नाद आहे. जुनं नाटक ऐकण्याइतकीच गंमत मला ते आपल्यापर्यंत कसं पोचलं हे शोधण्यात वाटते. अशा बऱ्याच गोष्टी वाचून माझ्या मनात एक समजूत पक्की होत गेली आहे. चांगलं होतं म्हणून टिकलं, जपून ठेवलं म्हणून टिकलं, असं आपण सहज म्हणतो. ब्रिटिश रेडिओनाट्याचा इतिहास मात्र काही वेगळंच सांगतो. तिथे जे टिकलं त्यातलं बरंचसं जपण्याने टिकलं नाही, पसरण्याने टिकलं. घरातल्या तिजोरीपेक्षा परगावी धाडलेली प्रत जास्त कामाला आली.

आधी हरवलं कसं ते बघू.

सुरुवातीच्या काळात रेडिओवरचं नाटक म्हणजे रंगमंचावरच्या नाटकासारखंच होतं. ठरलेल्या वेळी नट स्टुडिओत जमायचे, मायक्रोफोनसमोर उभे राहायचे आणि प्रयोग व्हायचा. प्रयोग संपला की संपला. पुनःप्रसारण करायचं असलं तर सगळ्यांना परत बोलवून पुन्हा एकदा जिवंत प्रयोग करत. साठवून ठेवायचा म्हणून नाटक करायचं, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. 'रायगडाला जेव्हा जाग येते'चा कुठलातरी एक प्रयोग तिजोरीत का ठेवला नाही, असं आपण विचारतो का?

मग यंत्रं आली, पण ती कशी? १९३० च्या सुमारास बीबीसीने पोलादी पट्टीवर आवाज मुद्रित करणारी यंत्रं वापरायला सुरुवात केली. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जवळजवळ तीन किलोमीटर लांबीची पोलादी पट्टी लागायची. फिरता फिरता ती तुटली तर सपासप उडायची, त्यामुळे यंत्राजवळ उभं राहणं धोक्याचं. दुसरा पर्याय तबकडीचा, पण तिच्या एका बाजूवर मावायची ती मोजकी मिनिटं. तासाभराचं नाटक साठवायचं म्हणजे तबकड्यांची चळतच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडे चुंबकीय टेपची फार सरस यंत्रं असल्याचं उघड झालं आणि युद्ध संपल्यावर तो टेप सगळीकडे पोचला. आता रेकॉर्डिंग सोपं झालं. आणि खरी गंमत इथेच आहे.

टेपचा मोठा गुण म्हणजे तो पुसून परत वापरता येतो. पोलादी पट्टीही पुसता यायची, पण टेप स्वस्त आणि सुटसुटीत. तरी अगदी फुकट नव्हे. हिशेब बघणाऱ्या माणसाच्या दृष्टीने एकदा वाजून गेलेला कार्यक्रम म्हणजे अडकून पडलेली टेप. त्यात नटांच्या संघटनेशी झालेले करार. एकच रेकॉर्डिंग वारंवार वाजवलं तर नटांची कामं जाणार, म्हणून पुनःप्रसारणावर बंधनं होती. (नटांची बाजूही खोटी नव्हती, त्यांचं पोट त्याच्यावर होतं.) परत वाजवता येणार नाही अशी टेप ठेवून करायचं काय? थोडी निवडक रेकॉर्डिंग्ज संग्रहात जायची, बाकीच्यांवर पुढचे कार्यक्रम चढायचे.

निवडक म्हणजे काय, हा प्रश्न इथे येतोच. राजाचं भाषण, पंतप्रधानांचं निवेदन, थोर नटाने केलेला शेक्सपिअर या गोष्टी ठेवाव्यात हे कोणालाही कळतं. पण दर आठवड्याला लागणारी रहस्यमालिका? हसवण्याचा अर्धा तास? ते कोण ठेवणार! लोक ज्यासाठी कामं टाकून रेडिओपाशी येऊन बसायचे, नेमकं तेच ठेवण्यालायक नाही असं ठरलं. रोज जेवलेल्या भाजीभाकरीचा फोटो कोणी काढत नाही, तसंच हे.

आता सापडण्याच्या गोष्टी.

'जर्नी इंटू स्पेस' ही चार्ल्स चिल्टनने लिहिलेली अंतराळप्रवासाची मालिका सप्टेंबर १९५३ मध्ये सुरू झाली. तेव्हा माणूस तर सोडाच, एकही कृत्रिम उपग्रह आकाशात गेला नव्हता. मालिकेतली मंडळी १९६५ साली चंद्रावर निघतात. संध्याकाळच्या वेळात टीव्हीपेक्षा जास्त लोकांनी ऐकलेली ब्रिटनमधली शेवटची रेडिओमालिका अशी तिची ओळख आहे. पुढच्या दोन-अडीच वर्षांत तिचे आणखी दोन भाग आले, एक मंगळावर जाण्याचा आणि एक पृथ्वीवरच्या संकटाचा. इतकी लोकप्रिय मालिका आणि तिची रेकॉर्डिंग्ज पुसली गेली! तीसेक वर्षं असंच समजत होते की ती कायमची गेली.

१९८६ मध्ये बीबीसीतच काही तबकड्या सापडल्या. चुकीच्या जागी लावून ठेवल्यामुळे इतकी वर्षं कोणाला दिसल्याच नव्हत्या. त्यांवर ही मालिका होती.

या तबकड्या आल्या कुठून? बीबीसीचा एक विभाग होता, ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस नावाचा. निवडक कार्यक्रमांच्या तबकड्या काढून त्या परदेशी रेडिओ केंद्रांना विकायच्या हे त्याचं काम. म्हणजे लंडनमध्ये मूळ टेप पुसली जात असताना त्याच कार्यक्रमाची तबकडी पेटीत बसून बोटीने ऑस्ट्रेलियाला किंवा आफ्रिकेला निघालेली असायची. हेतू व्यापाराचा आणि थोडा साम्राज्याचा. इतिहास जपण्याचा हेतू त्यात कुठेच नव्हता. पण एकाच्या अनेक प्रती झाल्या, आणि एक प्रत पुसणं सोपं असतं, सगळ्या पुसणं अवघड.

या गोष्टीला एक शेपूट आहे, तेही सांगतो. १९५३ सालची मूळ चंद्रमालिका त्या तबकड्यांत नाहीच. आहे ती १९५८ मध्ये परदेशी विक्रीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आवृत्ती. मुळातले अठरा भाग आवळून तेरा केलेले आणि नावही बदललेलं. म्हणजे सापडलं ते मूळ नव्हेच, त्याचं धाकटं भावंड. ज्या आवाजांनी १९५३ च्या शरद ऋतूत पोरांची झोप उडवली, ते आवाज अजून हरवलेलेच आहेत.

'द गून शो'ची कथाही अशीच. या विक्षिप्त विनोदी मालिकेचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन हा आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. त्याचा जन्म तिथला, १६ एप्रिल १९१८ चा. वडील ब्रिटिश फौजेत होते आणि पोराचं लहानपण पुण्याच्या कॅम्पात गेलं. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकंब यांच्याबरोबर त्याने १९५१ ते १९६० या काळात रेडिओवर जो धुमाकूळ घातला त्यातले पहिल्या तीन वर्षांतले बहुतेक कार्यक्रम आज नाहीत. पुढचे बरेचसे आहेत, ते पुन्हा त्या परदेशी विक्रीच्या तबकड्यांमुळे. चौथ्या हंगामातली काही प्रहसनं तर १९५७-५८ मध्ये याच कामासाठी परत रेकॉर्ड केली गेली.

पण परदेशी पाठवायचं म्हणजे थोडी छाटणीही आली. स्थानिक राजकारणावरचे टोमणे, त्या आठवड्याच्या बातम्यांवरचे विनोद, थोडेसे चावट उल्लेख हे सगळं काढून टाकायचे, कारण सिडनीच्या श्रोत्याला ते कळणार नाही किंवा रुचणार नाही. म्हणजे टिकलं ते प्रवासाला योग्य असं करून टिकलं. मुरंबा टिकतो, ताजा आंबा टिकत नाही. मुरंबा खाऊन आंब्याच्या चवीबद्दल बोलताना थोडं जपून बोलावं एवढंच माझं म्हणणं. त्या काळचा विनोद कसा 'कालातीत' होता असं जेव्हा कोणी लिहितं, तेव्हा त्यातला काळ आधीच कात्रीने काढलेला होता हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता तिसरी गोष्ट, माझी सर्वात आवडती. टोनी हॅन्कॉक नावाच्या नटाची 'हॅन्कॉक्स हाफ अवर' ही मालिका नोव्हेंबर १९५४ मध्ये सुरू झाली. रे गॅल्टन आणि ॲलन सिम्प्सन या जोडीने ती लिहिली. तोपर्यंत रेडिओवरचा विनोद म्हणजे गाणी, नकला आणि चुटके यांची मिसळ. या दोघांनी सलग अर्ध्या तासाची एकच गोष्ट लिहिली, माणसाच्या स्वभावातून हसू काढलं. पुढे टीव्हीवर जे घरगुती विनोदाचे मासले आले त्यांचं बरंचसं मूळ इथे आहे. या मालिकेचे शंभरावर रेडिओ भाग झाले, त्यांतले वीसेक नाहीसे झाले होते.

२०२२ मध्ये त्यांतला एक सापडला. 'द मॅरेज ब्युरो', फेब्रुवारी १९५५ चा. नेहमीच्या केनेथ विल्यम्सच्या जागी त्या दिवशी पीटर सेलर्स होता, त्यामुळे या भागाला जास्तच मोल. तो बीबीसीत सापडला नाही, परदेशी केंद्रातही नाही. त्या वेळी एका श्रोत्याने आपल्या घरी रेडिओवरून टेप करून ठेवला होता, तो जुनी रेडिओ रेकॉर्डिंग्ज शोधणाऱ्या हौशी मंडळींच्या हाती लागला. सदुसष्ट वर्षांनी!

१९५५ मध्ये घरी टेपरेकॉर्डर असणं म्हणजे काय, याची कल्पना करा. जड पेटीएवढं यंत्र, महागड्या टेपा. त्या माणसाला आपण इतिहासासाठी काही करतोय असं वाटलं असेल असं मला नाही वाटत. त्याला तो कार्यक्रम आवडत होता, परत ऐकावासा वाटत होता, बस्स. बीबीसीच्या कागदावर तो कार्यक्रम ठेवण्यालायक नव्हता, त्या एका माणसाच्या मते होता. आज त्याचं मत बरोबर ठरलं आहे.

वर आणखी एक मजा. कायद्याच्या काटेकोर अर्थाने बघितलं तर रेडिओवरून घरी असं टेप करणं हे हक्कभंगातच मोडायचं. म्हणून पुष्कळ वर्षं अशा लोकांनी आपल्याकडे काय आहे ते कोणाला सांगितलंच नाही. 'चोरी'चा माल हवा आहे असं मालकच म्हणतोय यावर विश्वास कसा बसावा? २००१ मध्ये बीबीसीने जाहीर आवाहन केलं, आमचे हरवलेले कार्यक्रम तुमच्याकडे असतील तर कळवा म्हणून. ज्या श्रोत्याला आजवर ग्राहक समजलं, त्याच्याच दारात जाऊन 'आमचं काही तुमच्याकडे राहिलंय का हो?' असं विचारायची ती वेळ. त्यात कमीपणा नव्हता, उलट शहाणपण होतं.

पण सगळंच असं सापडत नाही. मग काय करायचं? तर संहिता असेल तर परत करायचं. फ्रान्सिस डरब्रिजच्या 'पॉल टेंपल' या रहस्यमालिका १९३८ पासून तीस वर्षं गाजल्या, त्यांतल्या कितीतरी गेल्या. २००६ पासून बीबीसीने त्या जुन्या संहिता नव्या नटांकडून परत करून घेतल्या. जमेल तिथे जुन्या पद्धतीचे मायक्रोफोन आणि ध्वनिपरिणाम वापरून, त्याच काळातल्या बोलण्याच्या ढबीत. हॅन्कॉकच्या हरवलेल्या भागांचंही २०१४ पासून तसंच झालं. केव्हिन मॅकनॅली या नटाने हॅन्कॉकची भूमिका केली. मी यांतलं काही ऐकलं आहे. सुरेख आहे. पण ऐकताना सारखं वाटत राहतं की आपण वारलेल्या माणसाचं पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतोय. मजकूर तोच, आवाज दुसऱ्याचा.

कागद टिकतो आणि आवाज जातो, याचं मोठं उदाहरण म्हणजे टॉल्किनचं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं पहिलं नाट्यरूपांतर बीबीसीने १९५५-५६ मध्येच केलं होतं, म्हणजे कादंबरीचा शेवटचा खंड नुकता बाजारात येत असताना. रूपांतरकार टेरेन्स टिलर. त्याचं रेकॉर्डिंग उपलब्ध नाही. २०२२ मध्ये ऑक्सफर्डच्या एका अभ्यासकाला बीबीसीच्या दफ्तरात त्याच्या संहिता सापडल्या आणि त्यांबरोबर स्वतः टॉल्किनच्या हातचा मजकूरही. लेखकाला काय हवं होतं, काय खटकत होतं हे आता कळतं. फ्रोडो कसा बोलला ते मात्र कळत नाही.

आपल्या जवळची गोष्ट आता सांगतो. १९४१ ते १९४३ या काळात जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या पूर्वेकडच्या विभागात नोकरीला होता. कार्यक्रम हिंदुस्थानसाठी. त्याने व्याख्यानं घडवून आणली, काव्यवाचनं केली, आणि १९४३ मध्ये अनातोल फ्रान्स, सिलोने, वेल्स यांच्या कथांची आणि अँडरसनच्या राजाच्या नव्या कपड्यांच्या गोष्टीची रेडिओ रूपांतरंही लिहिली. १९४२ पासून तिथून मराठीत वार्तापत्र जायचं. ऑर्वेल ते इंग्रजीत लिहायचा आणि मग त्याचं मराठी व्हायचं. ते वाचणाऱ्यांमध्ये एक होत्या वेणू चितळे, शिरोळच्या. पुढे 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या त्याच.

एवढी दोन वर्षं माणूस रेडिओत होता, स्वतः मायक्रोफोनवर बोलला, आणि तरी ऑर्वेलच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. एकही नाही. नंतरच्या काळात या माणसाच्या नावाचं विशेषण झालं, त्याचा आवाज कसा होता हे आपण दुसऱ्यांच्या वर्णनातून समजून घ्यायचं.

संहिता मात्र आहेत. का? कारण युद्धकाळ होता आणि सेन्सॉर होता. बोलायचा प्रत्येक शब्द आधी टंकलिखित करून मंजूर करून घ्यावा लागे. धोरणाच्या दृष्टीने आक्षेप नाही असा एक शिक्का, सुरक्षिततेच्या दृष्टीने नाही असा दुसरा. शिक्के मारलेले ते कागद दफ्तरात पडून राहिले आणि १९८५ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. '१९८४' लिहिणाऱ्या माणसाचे रेडिओवरचे शब्द सेन्सॉरच्या शिक्क्यांसकट आपल्यापर्यंत यावेत, यावर मी वेगळं काय बोलू!

१९४२ च्या डिसेंबरमधला बीबीसीतला एक फोटो प्रसिद्ध आहे. 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाच्या वेळचा. टेबलाभोवती टी. एस. एलियट आहे, मुल्कराज आनंद आहेत, मागे उंच ऑर्वेल उभा आहे आणि बसलेल्यांत वेणूताई आहेत. मी तो कितीतरी वेळा बघितला आहे. कार्यक्रमाचं नावच 'आवाज', आणि आपल्या हाती आहे ते चित्र. दर वेळी चुटपुट लागते.

आता हे सगळं आपल्याकडे आणून बघू या. मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. तेव्हापासून आपल्याकडेही नभोनाट्यं झाली, श्रुतिका झाल्या, कौटुंबिक मालिका झाल्या. आकाशवाणी मुंबईचं 'पुन्हा प्रपंच' घ्या. बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू. टेकाडे भावजी हे नाव काढलं की साठी ओलांडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अजूनही हसू येतं. मी हे अनेकांच्या बाबतीत करून पाहिलं आहे. त्यांना वाक्यं आठवत नाहीत, प्रसंगही धड आठवत नाहीत, पण आवाज आठवतो. कोणी कोणी तर तो काढून दाखवतं.

आकाशवाणीच्या संग्रहातून पुढे कॅसेटी, सीडी निघाल्या, त्यांत भर मोठमोठ्या गवयांवर होता. ते योग्यच. पण रोजच्या श्रुतिकेचं दैव इथेही त्या ब्रिटिश विनोदी अर्ध्या तासासारखंच. ती रोज होती, म्हणून ती ठेवायची असं कोणाला वाटलं नाही.

प्रती काय करतात याचं आपलं स्वतःचं उदाहरण तर घराघरात आहे. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर आठवड्याला एक गीत, एकूण छप्पन्न. त्या मूळ कार्यक्रमात पात्रानुसार गायक बदलत. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके असे वेगवेगळे आवाज होते. ते जवळजवळ नाट्यच होतं. पण बहुतेकांच्या कानात पक्कं बसलंय ते नंतर तबकड्यांवर आलेलं, सबंध सुधीर फडक्यांच्या एकट्या आवाजातलं. बाबूजी थोरच, त्यात वादच नाही. पण पुढच्या पिढ्यांनी कुठलं 'गीतरामायण' ओळखायचं हे मात्र ठरलं ते प्रती कशाच्या निघाल्या त्यावरून.

आणि म्हणूनच मला वाटतं की आपल्या नभोनाट्यांचा काही भाग अजूनही घरांतून पडलेला असणार. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टू-इन-वन घरोघरी आले. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच डब्यात, लाल बटण दाबलं की रेडिओवरचं थेट कॅसेटमध्ये. गाण्यांच्या मध्ये, नातवाच्या बोबड्या बोलांच्या मागेपुढे कोणीतरी रात्रीचं नभोनाट्य टेप केलेलं असणार. आणि हेही खरं की पुसायचं काम आपणही मनोभावे केलं. कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे तुकडे मोडले की ती पुसली जात नाही. तर त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबून, वर चिकटपट्टी लावून आपण जुन्यावर नवं चढवत असू. बीबीसीच्या हिशेबनिसाला हसण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही!

वेळ मात्र थोडा आहे. जुन्या ॲसिटेटच्या टेपला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की समजावं ती विघटित होते आहे, आणि ते थांबत नाही. सत्तर-ऐंशीच्या काळातल्या काही रिळांवरचा लेप दमटपणाने चिकट होतो. अशा टेपा मंद उष्णतेवर, पन्नासेक अंश सेल्सिअसला काही तास तापवून तेवढ्यापुरत्या वाजण्याजोग्या करता येतात. पण तोच उपाय ॲसिटेटच्या टेपवर केला तर ती जाते, म्हणून हे घरच्या ओव्हनमध्ये करू नये, जाणकारालाच द्यावं. कॅसेटीवर आपल्या हवेत बुरशी धरते, कोकणात तर विचारूच नका. आणि समजा टेप धडधाकट राहिली, तरी ती वाजवायचं धड यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस आज कुठल्या गल्लीत मिळेल?

त्याहूनही मोठी अडचण ओळखणाऱ्या माणसांची आहे. बाळ कुडतरकर २०१७ मध्ये गेले. ज्यांनी ती नाटकं केली ते एकेक करून चालले, ज्यांनी ऐकली तेही चालले. उद्या एखाद्या कॅसेटमध्ये वीस मिनिटांचं नभोनाट्य निघालं आणि तो आवाज कोणाचा हे सांगणारं कोणीच नसलं, तर ते सापडून काय उपयोग? 'जर्नी इंटू स्पेस'च्या तबकड्या तीसेक वर्षं जागेवरच होत्या, नुसत्या चुकीच्या कप्प्यात होत्या. जी वस्तू कोणाला ओळखता येत नाही ती हरवल्यातच जमा.

तेव्हा घर आवरताना, जागा बदलताना, वडीलधाऱ्यांच्या मागे त्यांचं कपाट उघडताना शाई उडालेल्या कॅसेटींचा डबा हाती लागला तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा वाजवून बघा. त्याहून बरं म्हणजे आजी-आजोबा, मावशी, काका कोणी ऐकू शकत असतील तोवर त्यांना शेजारी बसवून वाजवा. 'हा कोण?' म्हणून विचारा आणि ते जे नाव सांगतील ते कव्हरवर पेनाने लिहून ठेवा, वर्ष आठवत असेल तर वर्षही. मग त्याची प्रत काढा आणि दुसऱ्याला द्या. आणि त्या दुसऱ्यालाही सांगा, की तू एक काढून तिसऱ्याला दे.